पुलाला ताप आलाय, हे कसं कळतं?

साजगाव म्हटलं की बोंबल्या विठोबाची कार्तिकी यात्रा आठवते. त्या यात्रेला येणाऱ्या गाड्या काय किंवा रोज खोपोलीला जाणाऱ्या रिक्षा काय, कुठला ना कुठला पूल ओलांडतातच. तो पूल किती भार पेलेल, हे ठरवतं कोण? आज त्याचाच इतिहास.

सुरुवात गोव्यातून. पणजीचा मांडवी पूल 1970 च्या सुमारास झाला. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, म्हणजे आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा. खाऱ्या हवेत तारा गंजल्या आणि 5 जुलै 1986 ला पूल कोसळला. वय जेमतेम सोळा वर्षं! वरून काँक्रीट, रोग मात्र आत.

मग आपला रायगड. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं वाहून गेली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती! नुसत्या डोळ्यांना पाण्याखालचा पाया दिसत नाही, हा धडा फार महागात पडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने पुलांची संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली. प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक, जीपीएसवरचं ठिकाण आणि 0 ते 9 मध्ये मजबुतीचे गुण. म्हणजे पुलाचं आधार कार्डच म्हणा ना.

आता तपासणी कशी होते? काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. वेग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरच्या वर, तर काँक्रीट सहसा चांगलं. भेगा किंवा पोकळी असली की वेग घटतो. ही मापं घेऊन संगणकात पुलाचं मॉडेल करतात, छोट्या छोट्या तुकड्यांत विभागून. प्रत्येक तुकड्यावर किती ताण येईल, याचं गणित होतं. शंका राहिलीच, तर खऱ्या पुलावर 24 तास वजन ठेवून तो किती वाकतो ते मोजतात. वजन काढल्यावर साध्या आरसीसी पुलाचा निदान 75 टक्के वाक परत यायला हवा, प्रीस्ट्रेस्डचा 85 टक्के.

पण एक लक्षात ठेवा: संगणकाला दिलेली मापं जुनी किंवा चुकीची असली, तर उत्तरही चुकीचंच येणार. म्हणून पुलाखाली उतरणारा माणूस लागतोच. आणि तुम्हीही. गंजाचे डाग, उघड्या पडलेल्या सळया किंवा खचलेला खांब दिसला, तर फोटो काढा आणि बांधकाम खात्याला कळवा. रील नंतर टाका!