रेतीतली कागदपत्रं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घराच्या मागे एक खोली वाढवायची होती म्हणून ट्रॅक्टरभर रेती आणली. वैनगंगेची रेती. मिस्त्रीने अंगणात लोखंडी चाळणी तिरपी उभी केली आणि फावड्याने रेती तिच्यावर फेकू लागला. बारीक रेती पलीकडे पडायची, गोटे अलीकडे घरंगळायचे. संध्याकाळपर्यंत गोट्यांचा गुडघाभर ढीग झाला. मी त्या ढिगाजवळ बसून एकेक गोटा उलटापालटा करून पाहत होतो. मिस्त्रीला राहवलं नाही. म्हणाला, "चाचा, काही हरवलं का?"

"हो," मी म्हटलं, "पण फार जुनं आहे. त्यात तुझाही वाटा आहे."

तो हसला आणि कामाला लागला. श्रोतेहो, त्याला मी जे नीट सांगू शकलो नाही, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मी भंडाऱ्याचा. इथेच जन्मलो, इथेच शिकलो, कविता लिहिल्या त्याही इथल्याच बोलीच्या वळणाने. पण प्रवासात, कविसंमेलनात कुणी नाव विचारतं आणि मग हमखास दुसरा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" मी म्हणतो, भंडाऱ्याचा. "ते झालं हो, पण मूळचे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. पण या प्रश्नाने मला एक खोड लावली. मूळ म्हणजे नेमकं किती खोल, हे मी वाचत गेलो. आजोबा, पणजोबा, त्यांच्या मागे राजे, त्यांच्या मागे स्तूप, आणि त्याच्याही मागे दगड.

आपल्या जिल्ह्यातली जुनी वस्ती म्हटली की पवनी आठवते. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ही गोष्ट सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. आपल्याला ती फार जुनी वाटते. आता एक हिशेब करू. पवनीपासून आजपर्यंतचा हा सगळा काळ म्हणजे तीन इंच जाडीची एक वीट धरा. भारतात माणसाच्या पूर्वजांचा सगळ्यात जुना पक्का पुरावा तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम या ठिकाणचा आहे. तिथली दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं. तिथवर पोचायला अशा साडेसहाशे विटा एकावर एक रचाव्या लागतील. एकशे साठ फुटांपेक्षा उंच मनोरा होईल. त्यात आपला लिहिलेला सगळा इतिहास वरच्या एका विटेत मावतो. खालच्या विटांवर एक अक्षर नाही. तिथे फक्त दगड बोलतात.

हे दगड बोलतात, हे आपल्या देशात पहिल्यांदा कळलं ते १८६३ साली. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम येथे माणसाने घडवलेलं दगडी हत्यार सापडलं. योगायोग असा की नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, त्याच वर्षीचा. पुढे महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी गोदावरी आणि प्रवरेचे काठ पायाखाली घातले. नाशिकजवळचं गंगापूर, नगर जिल्ह्यातलं नेवासे ही नावं अभ्यासकांच्या तोंडी आली ती त्यांच्यामुळे. नेवाशाजवळच्या चिरकी येथे गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने साठच्या दशकात उत्खनन केलं. ही सगळी ठिकाणं नद्यांच्या काठची आहेत हे लक्षात घ्या.

आदिमानव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गुहा येते. शाळेच्या पुस्तकातलं चित्रच तसं होतं. पण फार जुनी ठिकाणं पाहिली तर बहुतेक उघड्यावरची, पाण्याजवळची आहेत. कारण साधं आहे. नदीत पाणी, पाण्यावर येणारी जनावरं आणि पात्रात हवे तेवढे गोटे. अन्न, पाणी आणि अवजार एकाच जागी. आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटते आणि डोहांपुरती उरते, तेव्हा रानातली जनावरं त्या डोहावर उतरतात. नागझिऱ्याला पाणवठ्यावर बसलेल्यांना हे ठाऊक आहे. त्या काळच्या माणसांनाही ते ठाऊक असणार. पावसाळ्यात पूर आला की ती उंचावर सरकत असतील, पाणी ओसरलं की परत येत असतील. शेती नव्हती, मडकं नव्हतं, धनुष्यबाणही नव्हता. कंद खणायचे, फळं वेचायची, लहान जनावर मारायचं, मोठं मेलेलं दिसलं तर त्याचं मांस कापून न्यायचं. एका जागी घर करून राहणं परवडणारं नव्हतं.

हे कापणं, खणणं, सोलणं ज्याने व्हायचं ती हातकुऱ्हाड. तिला दांडा नसतो. तळहातात मावेल असा, एका बाजूला निमुळता आणि दोन्ही कडांना धार असलेला दगड. बदामाच्या आकाराचा म्हणा. एका हातात गोटा धरायचा, दुसऱ्या हातातल्या कठीण दगडाने कडेवर ठोका द्यायचा. कपचा उडतो. मग दगड उलटा करून दुसऱ्या बाजूने ठोका. ठोका चुकला की केलेली मेहनत गेली, दगड मधोमध फुटतो. कुठे मारायचं, किती तिरपं मारायचं, कुठे थांबायचं, हे सगळं आधी डोक्यात असावं लागतं.

मला इथे माझी अम्मी आठवते. आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत बायका विड्या वळायच्या. तेंदूची पानं भिजवायची, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि त्या मापाने कात्रीने पान कापायचं. फर्मा असल्यामुळे हजार पानं एका मापाची निघत. मी तिच्या बाजूला बसून पाहत पाहत शिकलो, कुणी धडा दिला नाही. हातकुऱ्हाडीचं नवल हे, की ती आफ्रिकेत साडेसतरा लाख वर्षांपूर्वी दिसते, मग भारतात, मग युरोपात दिसते, आणि लाखो वर्षं तिचा घाट साधारण तोच राहतो. फर्मा होता, पण तो पत्र्याचा नव्हता, डोक्यातला होता. एकाच्या डोक्यातला फर्मा दुसऱ्याच्या डोक्यात जायचा तर दोघांना बाजूबाजूला बसावंच लागतं. एकाने हात सावकाश चालवावा लागतो, दुसऱ्याने दगड वाया घालवावे लागतात. ते बोलत होते का, किती बोलत होते, हे दगड सांगत नाही. पण शिकवणारा आणि शिकणारा होता, एवढं तो नक्की सांगतो.

आता आपल्या विदर्भात येऊ. चंद्रपूरजवळ झरपट नदीच्या परिसरात एक टेकडी आहे. पुराश्मयुगाच्या अभ्यासकांना ती चांगली ठाऊक आहे, कारण तिथे हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या मोठ्या संख्येने सापडल्या. लाखो वर्षांपूर्वी माणसं तिथे बसून हत्यारं घडवत होती. या टेकडीचं नाव पापामियाँ टेकडी. ज्या कुणा मियाँच्या नावाने लोक तिला ओळखू लागले, त्याच्या पायाखाली इतकं जुनं काही आहे हे त्याच्या गावीही नसेल. पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आपल्या भागातल्या सगळ्यात जुन्या पत्त्यांपैकी एका पत्त्यावर हे नाव आहे.

टेकडीवर दगड मिळाले, पण माणूस मिळाला नाही. तो मिळाला सातपुड्याच्या पलीकडे. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते. तिथून उत्तरेला सातपुडा उतरलं की नर्मदेचं खोरं लागतं. त्या नर्मदेच्या काठी हथनोरा या गावाजवळ ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा एक भाग सापडला. भारतात सापडलेली माणसाच्या प्राचीन पूर्वजाची अशी ही एकमेव कवटी. तिचं वय किती यावर मतभेद आहेत. किमान दोन लाख छत्तीस हजार वर्षं हा एक अंदाज. ती एका प्रौढ स्त्रीची असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्याच थरांत हातकुऱ्हाडी आणि हत्तीच्या जातीच्या प्राण्यांची हाडं होती. त्या काळी नर्मदेत पाणघोडेही होते. म्हणजे ती बाई पाण्यावर जायची तेव्हा समोरच्या डोहात पाणघोडा असू शकायचा.

काळ ठरवणं किती अवघड असतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी जोडलेली हातकुऱ्हाडी आहेत. एकाने राखेचं वय १४ लाख वर्षं काढलं, दुसऱ्याने पावणेसात लाखांच्या आसपास, तिसऱ्याने ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. भांडण झालं, पण दगड आणि राख जागच्या जागी होती म्हणूनच ते होऊ शकलं.

बरं, हथनोऱ्याची ती बाई आपली पूर्वज का? सरळ वंशातली बहुधा नाही. ती आपल्याहून जुन्या मानवजातीची होती. आपली जात, आज जगात आहे तो सगळा माणूस, आफ्रिकेत सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीपासून दिसू लागतो आणि तिथून बाहेर पडून भारतात येतो तो साधारण ७० हजार वर्षांच्या आसपास. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर नक्षी कोरणारी माणसं सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. ती आपली. तोवर महाराष्ट्रात शहामृग होते आणि माणसाला नुसती धार पुरत नव्हती, नक्षीही लागत होती. पण त्यांच्या आधी इथे नांदून गेलेले वेगळेच कुणीतरी होते. म्हणजे वैनगंगेच्या काठी आज जे कुणी आहेत, गोंड, हलबी, कोहळी, पोवार, ढिवर, आणि माझ्या मोहल्ल्यातले आम्ही, यांतला प्रत्येकजण मागून आलेला आहे. कुणी आधी, कुणी नंतर, एवढाच फरक. "मूळचे कुठले?" या प्रश्नाला माझ्याजवळ आता हे उत्तर आहे. पण प्रवासात ते सांगायला वेळ पुरत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातही अश्मयुगीन हत्यारं सापडल्याच्या नोंदी आहेत. ही हत्यारं असतात नदीकाठच्या जुन्या दरडीत, गोट्यांच्या थरात, माळावरच्या मुरमात. आणि आपण नेमकं तेच उचलतो. घाटावरून रात्रीबेरात्री टिप्पर निघतात. रेती संपली की काठ पोखरले जातात, मुरूम रस्त्याखाली जातो. तिकडे पापामियाँ टेकडीपर्यंत चंद्रपूर वाढत गेलं आणि बांधकामांत तिचा बराच भाग गेला. घर, रस्ता, दवाखाना लागतोच. मलाही खोली हवी होती आणि तिच्या भिंतीत नदीच आहे. पण मूळ कुणाचं यावर आपण हातघाईवर येतो आणि मुळाची जी एकमेव कागदपत्रं आहेत ती ब्रासच्या भावाने विकतो, हे काही ठीक नाही.

आपल्याला करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. असा दगड दिसला तर आधी नीट पाहा. नदीत आपटून फुटलेल्या गोट्याला कशीही तड गेलेली असते. घडवलेल्या दगडावर कपच्यांचे खळगे ओळीने, दोन्ही बाजूंनी, धार साधत आलेले दिसतात. तसं काही वाटलं तर तो उचलून दिवाणखान्यात ठेवू नका. जागेवरच फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात कळवा. जागेवरून हलला की दगडाची अर्धी साक्ष जाते. काम काढण्याआधी दरड एकदा जाणकाराला दाखवायची, एवढी पद्धत पाडली तरी पुष्कळ वाचेल.

त्या संध्याकाळी माझ्या ढिगात हातकुऱ्हाड निघाली नाही. एक गोटा तसा वाटला, पण धुऊन पाहिला तर नुसताच तडकलेला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ते गोटे खोलीच्या जमिनीखाली भराव म्हणून घालायला घेतले. टोपली उचलण्याआधी तो थांबला, त्यातला एक गोटा हातात घेऊन त्याने फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "चाचा, हा बघितला का?"

बघितला नव्हता. मग आम्ही दोघं पुन्हा खाली बसलो.