मनोरुग्णांचा कैवार



गोरेगावच्या मनुष्यास नागपूर परके नाही. कोर्टकचेरी असो की मोठे दुखणे असो, आपली वाट तिकडेच जाते. परंतु तेथील मनोरुग्णालयातून कोणी परत आला, तर त्याची प्रकृती विचारण्यास शेजारी धजत नाहीत, आणि घरचेही तो विषय टाळतात. हा संकोच कोठून आला, याचा थोडा इतिहास आज पाहू.

ते रुग्णालय १८६४ सालचे. त्या काळच्या कायद्यांचा रोख रोग्याच्या सुखापेक्षा समाजाच्या बंदोबस्ताकडे अधिक होता. १९१२ च्या कायद्यान्वये आप्तांनी अर्ज करावा, डॉक्टरांनी दाखले द्यावेत आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा, अशी मुख्य रीत होती. देहाच्या दुखण्यास वैद्य पुरे होता. मनाच्या दुखण्यास मॅजिस्ट्रेट लागला! ज्या आजाराला कचेरीचा शिक्का बसला, त्याची लोकांस लाज वाटू लागली तर नवल ते काय? १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत हीच व्यवस्था चालली.

रोग्यांचा कैवार प्रथम घेतला तो पुष्कळदा आप्तांनी. मूळचे महाराष्ट्रातले, पण कॅनडात कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारात हे दु:ख जवळून पाहिले, आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच प्रयत्नांतून निघाला. दरम्यान, २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ते बांधले होते, म्हणूनच पळू शकले नाहीत.

अशा घटनांनी देशाचे डोळे उघडले. २०१७ च्या कायद्याने रोग्यास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली, आणि समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य केला.

पण कायद्याने हक्क मिळतो, शेजार मिळत नाही. तो गावानेच द्यावा लागतो. आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावच्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराची माहिती दिली. उदासीनतेच्या रोग्यांपैकी उपचार घेणारे शंभरांत सुमारे ४ होते. दीड वर्षात ते २७ झाले. तेथे नवे इस्पितळ बांधले नव्हते. लोक बोलू लागले, इतकेच.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. औषध डॉक्टर देतील. बरा होऊन आलेल्यास रोवणीच्या कामाला बोलवावे, लग्नाची पत्रिका त्याच्या नावे द्यावी, आणि हिवतापातून उठलेल्यास विचारतो तितक्याच सहजपणे त्याला विचारावे, “काय, आता बरे आहे ना?”