बूस्ट आणि ब्लॉक: एका इंजिनातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पीएचडीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांकडे विषय असतो, प्रश्न नसतो. "विमानांच्या इंजिनांचा इतिहास" हा झाला विषय. "इंजिनात जास्त हवा कोंबायची ठरवली की त्याच्या धातूचं काय होतं, आणि ते कुणाला, कधी, कशावरून कळतं?" हा झाला प्रश्न. पहिल्यावर तुम्ही आयुष्यभर वाचत राहाल. दुसऱ्यावर निदान एक प्रकरण लिहून होईल. आज हा फरक एका खऱ्या उदाहरणावर बघू: रोल्स-रॉइसचं "आर" इंजिन आणि त्यानंतर आलेलं मर्लिन.

आधी थोडं यंत्रशास्त्र

इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर येऊन ठरते: दर मिनिटाला त्याच्या सिलिंडरांत किती हवा जाते. जेवढी हवा, तेवढंच इंधन जाळता येतं. म्हणजे ताकद वाढवायला मार्ग तीन. सिलिंडर मोठे करा, इंजिन जास्त वेगाने फिरवा, किंवा हवा दाबून आत घाला. तिसरा मार्ग म्हणजे सुपरचार्जर. इंजिनाच्याच गियरवर फिरणारा पंखा हवा घट्ट करून पाठवतो. वातावरणाच्या दाबावर जो जादा दाब मिळतो, तो बूस्ट.

विमानाला हे जास्तच लागतं. १६,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते. महाबळेश्वरला उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो, त्याचंच हे मोठं रूप समजा. वर दाब कमी, म्हणून खाली जे सहज होतं ते वर होत नाही.

पण दाब फुकट मिळत नाही. दाबलेली हवा तापते. तापलेलं मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा एकदम भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. पंखा फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते. शिवाय प्रत्येक स्फोटाचा जोर पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, बेअरिंग असा खाली उतरत शेवटी बाहेरच्या कास्टिंगवर येतो. आपण गाडीच्या बाबतीत ज्याला सरसकट "ब्लॉक" म्हणतो, ते या व्ही-१२ विमान इंजिनांत वेगवेगळ्या तुकड्यांचं असतं: खाली क्रँककेस आणि त्यावर बोल्टने आवळलेल्या सिलिंडरांच्या दोन रांगा. दाब वाढला की यातला सगळ्यात कमकुवत दुवा आधी बोलतो.

घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आत वातावरणापेक्षा दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड जास्त दाब असतो. १९३१ च्या आर इंजिनात हवा सिलिंडरच्या दारात पोचायची तीच १८ पौंड जादा दाबाने. नंतर पिस्टन ती सहापट दाबणार, आणि मग ती पेटणार.

सुपरचार्जर कसा निवडला?

श्नायडर करंडक ही समुद्री विमानांची शर्यत. १९२९ च्या शर्यतीसाठी रोल्स-रॉइसने आपलं ३६.७ लिटरचं बझर्ड इंजिन पाया म्हणून घेतलं. सिलिंडरांचं माप तेच ठेवलं. बझर्डची ताकद सव्वाआठशे अश्वशक्तीच्या आसपास. त्याच मापातून १९२९ मध्ये १,९०० अश्वशक्ती काढली गेली.

सुपरचार्जर होता जेम्स एलर यांचा. इथे निवड कशी झाली ते बघा. जास्त हवा हवी तर पंखा मोठ्या व्यासाचा हवा. पण मोठा पंखा इंजिनाच्या मागे बाहेर डोकावणार, विमानाचं नाक रुंद होणार आणि मिळवलेला वेग हवेच्या विरोधातच जाणार. म्हणून पंखा दोन्ही बाजूंना पाती असलेला केला. व्यास आटोक्यात राहिला आणि हवा दोन्हीकडून ओढली गेली. म्हणजे "सगळ्यात चांगला सुपरचार्जर कोणता?" असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. प्रश्न होता, "या विमानाच्या या नाकात बसेल असा कोणता?" जुने निर्णय वाचताना निर्णय घेणाऱ्यावर कसली बंधनं होती ते आधी शोधा. बंधन सापडलं की निवड आपोआप उलगडते.

मजबुतीची गोष्ट टेस्ट बेडवर घडते

या इंजिनाबद्दल एक गोष्ट आवडीने सांगितली जाते. हेन्री रॉइस समुद्रकिनाऱ्यावर आपल्या इंजिनियरांबरोबर फिरत होते आणि काठीने वाळूत त्यांनी इंजिनाची आकृती काढली. गोष्ट छान आहे. पण ती फक्त सुरुवात सांगते. इंजिन तयार झालं ते डर्बीच्या टेस्ट बेडवर, मोडून मोडून.

तिथे आर इंजिनाची चाचणी घेताना आणखी तीन केस्ट्रेल इंजिनं चालू ठेवावी लागत. एक उड्डाणातल्या वाऱ्यासारखा झोत देण्यासाठी, एक क्रँककेस थंड ठेवण्यासाठी आणि एक खोलीतला धूर बाहेर काढण्यासाठी. वंगण म्हणून एरंडेल तेल वापरत. ते भिंतींवर आणि माणसांवर उडे. एरंडेलाचा पोटावर काय परिणाम होतो ते आपल्याला आजीने शिकवलेलं आहेच. त्यावर उतारा म्हणून तिथले कामगार दूध पीत.

१९३१ साठी ताकद आणखी वाढवायची ठरली तेव्हा इंजिन वीसेक मिनिटांतच मोडलं. लक्ष्य होतं पूर्ण ताकदीवर सलग एक तास. मग एकेक भाग बदलत गेला. कनेक्टिंग रॉडची जोडणीच वेगळ्या पद्धतीची केली, खालचं क्रँककेस आणि क्रँकशाफ्ट सुधारले, धुराच्या व्हॉल्व्हमध्ये उष्णता वाहून न्यायला सोडियम भरलं. ऑगस्ट १९३१ मध्ये, म्हणजे शर्यतीला जेमतेम महिना उरलेला असताना, तो एक तास पूर्ण झाला, २,३५० अश्वशक्तीवर.

आता आकडे शेजारी ठेवा. इंजिनाचं वजन १,५३० पौंडांवरून १,६३० वर गेलं, म्हणजे साडेसहा टक्के वाढ. ताकद १,९०० वरून २,३५०, म्हणजे सुमारे २४ टक्के वाढ. यावरून कळतं की मजबुती म्हणजे सगळीकडे जाड धातू ओतणं नव्हे. कुठे तुटतं ते बघायचं आणि तिथेच धातू घालायचा, किंवा भार जाण्याची वाटच बदलायची.

तिसरा खांब इंधनाचा. रॉड बँक्स यांनी बेंझॉल, मिथेनॉल वगैरेंची खास मिश्रणं बनवली, त्याशिवाय एवढा बूस्ट झेपलाच नसता. १३ सप्टेंबर १९३१ ला बूथमन यांनी ताशी ३४० मैल वेगाने शर्यत पुरी करून करंडक कायमचा ब्रिटनला मिळवून दिला. २९ सप्टेंबरला स्टेनफर्थ यांनी ताशी ४०७.५ मैलांचा विक्रम केला.

त्या वर्षी बूथमन एकटेच उडाले, कारण इटलीचं माकी एम.सी. ७२ तयार नव्हतं. त्याचं फियाट इंजिन जमिनीवर नीट चाले, पण उडताना हवेच्या तोंडातून उलटा भडका घेई. वेगात आत घुसणारा वारा मिश्रण बिघडवत होता आणि टेस्ट बेडवर तो वाराच नव्हता. त्या विमानाच्या चाचण्यांत १९३१ मध्ये दोन वैमानिकांचा जीव गेला. पुढे वाऱ्याची नक्कल करून चाचण्या घेतल्या, त्यात बँक्स यांनीही मदत केली, आणि १९३४ मध्ये त्याच विमानाने ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम केला. डर्बीत वाऱ्याचा झोत देणारं ते केस्ट्रेल इंजिन किती मोलाचं होतं, ते इटलीची कहाणी वाचल्यावर कळतं. तुलनात्मक अभ्यास का करायचा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

"आर" हा मर्लिनचा बाप का?

लोकप्रिय पुस्तकांत असं वाक्य हमखास भेटतं: शर्यतीच्या इंजिनातून मर्लिन जन्मलं आणि मर्लिनने ब्रिटन वाचवलं. जपून घ्या. मर्लिन २७ लिटरचं, वेगळ्या मापाचं इंजिन, पहिल्यांदा ऑक्टोबर १९३३ मध्ये चाललं. आरमधून त्यात भाग गेले नाहीत. गेली ती माणसं, सवयी आणि जास्त बूस्टची भीड चेपलेली नजर. "वारसा" हा शब्द वापरायचा असेल तर नेमकं काय वारशाने आलं ते लिहा, नाहीतर शब्द गाळा.

मर्लिनच्या सुपरचार्जरमधली मोठी झेप १९३८ नंतरची. स्टॅन्ली हूकर ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन डर्बीत आले. माणूस द्रवगतिशास्त्राच्या गणितातला. हातात ठरलेलं काम नव्हतं, तेव्हा सुपरचार्जरच्या चाचण्यांचे आकडे त्यांनी घेतले आणि हवा आत शिरते तिथपासून गणित मांडलं. ती वाट सुधारून चांगली कार्यक्षमता मिळाली. पुढे १९४२ मध्ये स्पिटफायर नऊमध्ये दोन टप्प्यांचा, दोन वेगांचा सुपरचार्जर आणि तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असलेलं मर्लिन ६१ आलं. गंमत म्हणजे या माणसाने आत्मचरित्राला नाव दिलं "नॉट मच ऑफ ॲन इंजिनियर".

पण हूकरांवर थांबलात तर अर्धीच गोष्ट हाती लागेल. १९४० मध्ये १०० ऑक्टेन पेट्रोल आल्यावर मर्लिनचा बूस्ट सव्वासहा पौंडांवरून १२ वर नेता आला. युद्ध संपताना काही मर्लिन २५ पौंडांवर उडत होती. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये सिलिंडर ब्लॉक आणि हेड एकाच कास्टिंगमध्ये होते आणि लायनरच्या वरच्या सांध्यातून कूलंट गळे. पुढे हेड वेगळं करून दोन भागांचा ब्लॉक आणला. हा बदल कुणाच्या आत्मचरित्राचं शीर्षक झाला नाही, पण तो नसता तर वरचा पंखा कितीही हुशार असून काय उपयोग?

समोर जर्मनीचं डीबी ६०१ होतं. ३३.९ लिटर, म्हणजे मोठे सिलिंडर आणि तुलनेने कमी बूस्ट. त्याच्या सुपरचार्जरचा वेग फ्लुइड कपलिंगमुळे उंचीनुसार आपोआप बदले. मर्लिनने लहान आकार आणि जास्त दाब घेतला, कारण मागे तसं पेट्रोल होतं. दोन्ही निवडी आपापल्या जागी शहाण्याच.

तुमच्या विषयासाठी

इंजिन बाजूला ठेवा, तुमचा विषय हातमागाचा असो की सहकारी बँकेचा. तीन गोष्टी करून बघा.

एक, प्रत्येक आकड्याला विचारा: किती वेळ, कोणत्या परिस्थितीत, कशाच्या जोरावर? "२,३५० अश्वशक्ती" हा आकडा "एक तास, खास इंधनावर" या शब्दांशिवाय निरर्थक आहे.

दोन, ज्याचं कौतुक झालंय त्याच्या शेजारी, ज्याने भार सोसला ते शोधा. सुपरचार्जर सगळ्यांना दिसतो. क्रँककेस बघायला खाली वाकावं लागतं.

तीन, मोडतोडीच्या नोंदी यशाच्या अहवालांआधी मागा. यशाचा अहवाल शेवट कळल्यावर लिहिलेला असतो. मोडलेल्या रॉडची नोंद करणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसतं, आणि इतिहासकाराला हवा असतो तो नेमका हाच माणूस.

आता तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य काढा. त्यात प्रश्नचिन्ह आहे का बघा. नसेल तर आजचं काम तेच.