एमिल गालेची बोलकी कांच

स्फटिकासारखी निर्मळ कांच घडविण्याचा ध्यास व्हेनिसच्या कारागिरांनीं घेतला, आणि पुढें युरोपनें बहुधा तीच कसोटी मानिली. ती कसोटी झुगारून देणारा कलावंत फ्रान्समधील नान्सी शहरांत निपजला. एमिल गाले (१८४६–१९०४) याच्या फुलदाण्या धुरकट, ढगाळ, कोठें कोठें चक्क गढूळ आहेत. आणि हें त्यानें बुद्ध्याच केलें. कांचेंतून पलीकडचें दिसावें यापेक्षां कांचेनें स्वतः कांहीं सांगावें, ही त्याची हौस.

त्याचा बाप कांचेच्या व रोगणी मातीच्या भांड्यांचा व्यापारी. मुलानें धंद्याबरोबर वनस्पतिशास्त्राचाहि अभ्यास केला, आणि तो वरवरचा नव्हता. १९०० सालीं पॅरिसच्या वनस्पतिशास्त्र परिषदेंत त्यानें लोरेन प्रांतांतील ऑर्किडांच्या रूपभेदांवर निबंध सादर केला. म्हणूनच त्याच्या भांड्यावरचें फूल ही नुसती वेलबुट्टी नसते. तें अमुक जातीचें, कधीं नुकतें कोमेजूं लागलेलें असें असतें. नान्सीच्या वनविद्यालयांत १८८५ ते १८८८ पर्यंत शिकत असलेल्या ताकाशिमा होक्काई या जपानी चित्रकाराशीं त्याचा स्नेह होता. जपानी कलेचा नाद मात्र त्याला त्याआधींच लागला होता.

फुंकनळी घेऊन भट्टीपुढें तो स्वतः उभा राहत नसे; कल्पना आणि सूचना त्याच्या, हात कारागिरांचे. तरीहि भट्टीचें शास्त्र त्याला पुरतें अवगत होतें. रंगीत कांचेचे थर एकावर एक चढवून वरचा थर तेजाबानें किंवा फिरत्या चाकानें कोरून काढण्याची रीत जुनीच होती. १८९८ सालीं त्यानें दोन नव्या कृतींचे हक्क नोंदविले. पहिल्या कृतींत तापून मऊ झालेल्या भांड्याच्या अंगांत रंगीत कांचेचे तुकडे दाबून बसवीत व निवल्यावर ते कोरीत. निवतांना सर्व कांचा सारख्या आकसत नाहींत. त्यामुळें भांडें तडकण्याची धास्ती फार. दुसरी कृति मला अधिक नवलाची वाटते. भट्टींतील धूळ-राख चिकटून कांच मंद होणें हा कारागिराच्या लेखीं दोष. गालेनें तोच हेतुपूर्वक आणून त्याचें धुकें केलें.

१८७१ च्या तहानें ऑल्सेस व लोरेनचा एक भाग जर्मनीकडे गेला. नान्सी फ्रान्सकडे राहिलें. ज्या माइझेन्थाल गांवीं गालेनें कांचकाम शिकून घेतलें होतें, तें सरहद्दीपलीकडे पडलें. आणि विलक्षण गोष्ट ही, कीं नान्सींत १८९४ च्या सुमारास स्वतःची भट्टी पेटेपर्यंत या कट्टर देशभक्ताचीं पुष्कळशीं भांडीं तेथेंच घडत होतीं! नान्सीचें बोधचिन्ह असलेलें काटेरी थिसल त्याच्या कांचेवर वारंवार उमटतें, तें उगीच नव्हे.

पुढें ड्रेफस प्रकरण निघालें. देशद्रोहाचा खोटा आळ आलेल्या त्या ज्यू सेनाधिकाऱ्याची बाजू गालेनें उघडपणें घेतली. नान्सींतलें प्रबळ मत विरुद्ध होतें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यानें एक भट्टीच मांडली, भोंवतीं फुटकीं भांडीं ठेविलीं, आणि माणसें खोटीं निघालीं तर भट्टी कोसळो, अशा अर्थाचें हेसिअडच्या नांवावरील प्राचीन शापवचन तिच्याशीं जोडलें. भांड्यांवर कवितेच्या ओळी कोरण्याची त्याची खोड एरव्हीं अतिरेकास जाई. येथें मात्र एक शब्दहि जास्त वाटत नाहीं.

त्याच्या मृत्यूनंतर कांहीं वर्षें त्याच्या सहीशेजारीं एक तारा काढून माल विकला जात असे. कारखाना १९३६ सालीं बंद झाला. त्या मालांत सुबक नग आहेत, पण बोलणारे थोडे. अखेरच्या आजारांत, १९०४ सालीं, त्यानें करविलेला कांचेचा हात आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे. बोटांना शेवाळ आणि शिंपले लागलेला तो हात समुद्रांतून वर येत आहे कीं बुडत आहे, हें त्यानें कोरून ठेविलेलें नाहीं.