मकतबातील पाठ आणि घरातील वाक्य

फार्सी वाक्यात सामान्यतः कर्ता आरंभी, कर्म मधे आणि क्रियापद अखेरीस येते, आणि कर्म निश्चित असेल तर त्यामागे ‘रा’ हे चिन्ह लागते. मराठी वाचकाला ही मांडणी अनोळखी वाटू नये. इराणी मूल हा क्रम कोणी न शिकवता घरातच ऐकून आत्मसात करते, परंतु १९व्या शतकापर्यंत अक्षरओळखीबरोबर त्याच्यापुढे येणारी वाक्ये बहुधा या क्रमाची नसत. मकतबात, म्हणजे मुल्लाच्या घरी किंवा मशिदीलगत भरणाऱ्या पारंपरिक शाळेत, पठणाची सुरुवात कुराणाच्या अखेरच्या भागापासून होई, आणि अरबीत वाक्याचा आरंभ क्रियापदाने करण्याची रीत असल्यामुळे मूल अर्थही न कळता अगदी वेगळ्या रचनेची वाक्ये घोकत असे. पुढे हाफिजच्या गझला येत, ज्यांत वृत्तासाठी क्रियापद कोठेही सरकते. सादीचे ‘गुलिस्तान’ (१२५८) गद्यपद्यमिश्रित असले, तरी त्याची अलंकृत भाषा बालकासाठी नव्हती. व्याकरणाचीही हीच अवस्था होती: फार्सीला अरबीच्या साच्यात बसवण्याची परंपरा मोडू पाहणारे मिर्झा हबीब इस्फहानी यांचे व्याकरण १८७२ च्या सुमारास निघाले, आणि तेही इराणात नव्हे तर इस्तंबूलला.

तब्रीजचे मिर्झा हसन रुश्दिये (१८५१–१९४४) यांनी बैरुतमध्ये अध्यापनशास्त्र शिकून १८८३ मध्ये येरेवानला शाळा काढली, आणि अक्षरांची नावे घोकवण्याऐवजी त्यांचे ध्वनी जोडून शब्द वाचायला लावण्याची पद्धत नंतर तब्रीजलाही आणली. मकतबांच्या चालकांना त्यात धर्माइतकाच पोटापाण्याचाही धोका दिसला असावा. तब्रीजच्या शाळेवर वारंवार हल्ले झाले आणि ती पुनःपुन्हा बंद पडली. तरीही ध्वनिपद्धतीने मूळ धरले, आणि २०व्या शतकात पहिलीच्या पुस्तकातील ‘बाबा आब दाद’, म्हणजे ‘बाबांनी पाणी दिले’, हे वाक्य इराणभर परिचित झाले. मोजक्या अक्षरांत बसावे म्हणून निवडलेल्या या वाक्यात कर्ता, कर्म आणि क्रियापद घरच्याच क्रमाने येतात.

एक फरक मात्र उरला. बोलताना मूल ‘रफ्तम बाजार’ (गेलो बाजारात) असे म्हणून गंतव्यस्थान क्रियापदानंतर ठेवते, तर लेखी प्रमाणभाषा ‘बे बाजार रफ्तम’ असे क्रियापद शेवटीच मागते. वाक्यक्रमापैकी शाळेत नव्याने शिकावा लागणारा भाग तो मुख्यतः एवढाच.