काठोकाठ आशा

फेब्रुवारी १९९८ च्या शेवटच्या आठवड्यात ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या नंबरवर जे गाणं होतं, त्याच्या नावात आपल्या सांगलीकडच्या एका बाईंचं नाव होतं. 'ब्रिमफुल ऑफ आशा'. आशा म्हणजे उमेद असा श्लेष त्यात आहेच, पण ही आशा म्हणजे आशा भोसले. टायटॅनिकमुळे गाजत असलेल्या सेलिन डिऑनला खाली ढकलून हे गाणं वर आलं आणि एका आठवड्याने मॅडोनाने त्याला खाली ओढलं. एक आठवडा तर एक आठवडा!

ग्रुपचं नाव कॉर्नरशॉप. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या ग्रुपचा म्होरक्या तजिंदर सिंग, वुल्व्हरहॅम्प्टनचा पंजाबी मुलगा. इथला देशी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, ही गोऱ्यांची ठरलेली समजूत. ती चिडवणूकच या पोरांनी पाटी म्हणून लावली. गाण्याचा विषयही तसाच घरगुती : ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्ड आणि त्यावर वाजणारे पार्श्वगायक. त्यात लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत. पडद्यावर ओठ हलवणारी नटी वेगळी आणि गाणारी वेगळी, हे आपल्याला बाळकडूबरोबरच कळतं, पण ब्रिटिश पोरांना ते नवीनच होतं.

गंमत म्हणजे ऑगस्ट १९९७ मध्ये हे गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा ६० व्या नंबरपर्यंतच पोचलं. रेडिओवर जॉन पीलच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं, तरी दुकानात फारसं हललं नाही. मग नॉर्मन कुक (म्हणजेच फॅटबॉय स्लिम) याने त्याचा वेग वाढवला, सूर वर चढवला, खाली दणदणीत ठेका टाकला आणि तेच गाणं थेट पहिल्या नंबरावर येऊन बसलं. मूळ संथ गाणं मला जास्त आवडतं, पण नाचायला लावलं ते कुकनेच, हे मान्य करायला हवं.

या यशाचं मोल कळायला तेव्हाची मोजणी लक्षात घ्यायला हवी. ऐंशीच्या दशकात साउथॉल आणि बर्मिंगहॅममध्ये भांगड्याच्या कॅसेट धडाधड खपत होत्या, पण त्या विकल्या जात किराणा आणि साड्यांच्या दुकानांत. यादीसाठी आकडे गोळा व्हायचे ते रेकॉर्डच्या ठराविक दुकानांतून. म्हणजे यादीच्या लेखी आपली कोपऱ्यावरची दुकानं नव्हतीच! आणि शेवटी 'कॉर्नरशॉप' हेच नाव वर झळकलं.

एक गोष्ट मात्र खटकते. या गाण्यात आशाताईंचं नाव आहे, आवाज नाही. २००५ मध्ये बरोबर उलटं झालं. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपच्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मध्ये 'डॉन' (१९७८) आणि 'अपराध' (१९७२) या चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे घेतले आहेत. दोन्ही गाणी आशाताईंची, संगीत कल्याणजी-आनंदजींचं. हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. संगीतकारांचं नाव श्रेयात आलं, पण गाणारीचं नाव ग्रुपच्या शेजारी छापलं गेलं नाही. तुकडा उचलताना पैशाचा हिशेब चालीचा आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकीचा होतो. गळा कुणाचा, हा प्रश्न त्यात येतोच असं नाही.

समोरासमोर बसून झालेली कामंही आहेत. बॉय जॉर्जच्या 'बाउ डाउन मिस्टर'मध्ये (१९९१) त्या गायल्या आहेत. २००५ मध्येच क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीबरोबर त्यांनी पंचमची गाणी पुन्हा नव्याने गायली. तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. यादीत तो 'ब्रिमफुल'सारखा गाजला नाही, पण वेष्टनावर दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत आणि आत आवाजही त्यांचाच आहे.