तीस घोडे

मागच्या शनिवारी सारसोळेला एक सेकंडहँड गाडी बघायला गेलो होतो. पाम बीच रोड सोडून आत वळलं की सिडकोचे नेरुळचे सेक्टर, त्यांच्या मधोमध जुनं सारसोळे गाव, आणि रस्त्याच्या पलीकडे खाडी नि जेट्टी. गाडी होती २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. त्या काळात दहा लाखांच्या पुढची गाडी म्हणजे लक्झरीच, आणि ही तर आमच्या कॉम्प्युटरचा वॉलपेपर!

सोबत आलेल्या मित्राला बॉनेट उघडायच्या आधीच रीमॅप करायचं होतं. "अरे, युरोपात आरएस १८०ची होती. आपल्याला १५०ची दिली. तीस घोडे आत झोपलेत. लॅपटॉप लाव नि उठव!" सॉफ्टवेअरवाल्याला असं कोणी सांगितलं की हात शिवशिवणारच. पण मालक काकांनी काही न बोलता सर्व्हिसिंगच्या बिलांची एक जाडजूड फाईल माझ्या हातात दिली. ती चाळताना वाटलं, आधी टर्बोचा इतिहास नीट बघावा.

कल्पना मुळात साधी आहे. धुराबरोबर वाया जाणाऱ्या शक्तीवर एक टर्बाइन फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण उष्णताही जास्त. मग ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच पेट्रोल स्वतःहून पेटतं. याला नॉकिंग म्हणतात, म्हणजे पिस्टनवर हातोड्याचे घाव.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' ही टर्बो कार आणली. नॉकिंग टाळायला त्यांनी इंजिनात शुद्ध पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी होती, आणि ती मालकाने भरत राहायची होती. लोक विसरले! टाकी रिकामी झाली की गाडी आपोआप ताकद कमी करायची, आणि लोक गाडीलाच नावं ठेवायचे. दोन वर्षांत उत्पादन बंद झालं. पुढे कंपनीने गिऱ्हाइकांना टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची तयारीही दाखवली. म्हणजे बघा, तंत्र चालत होतं, हरली ती मालकाची सवय.

स्वीडनच्या साबने हे ओळखलं. त्यांची '९९ टर्बो' १९७८ मध्ये रस्त्यावर आली. त्यात वेस्टगेट नावाची झडप दाब मर्यादेत ठेवायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनावर एक सेन्सर बसवला. नॉकिंग ऐकू आलं की दाब आपोआप कमी. मालकाच्या स्मरणशक्तीवरचं काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेलं.

सारसोळेच्या त्या ऑक्टाव्हियात हाच वारसा आहे. ती जुळली तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात. तिचा ईसीयू नॉकिंग ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. आता गंमत अशी, की आपल्याकडचं साधं पेट्रोल आधी ८८ ऑक्टेनचं होतं, २००५ पासून मोठ्या शहरांत ९१चं झालं. युरोपात नेहमीचं ९५. रीमॅप करून घोडे उठवले आणि त्यांना कमी ऑक्टेनचाच चारा घातला, तर तोच ईसीयू त्यातले काही परत झोपवतो. लॅपटॉपवर आकडा मात्र छान दिसतो.

आणि जे सॉफ्टवेअरला दिसत नाही त्याचं काय? टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. पाम बीचवर दामटून आल्या आल्या चावी फिरवली की ते तेल तिथेच करपतं. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, हे मालकानेच लक्षात ठेवायचं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, वीस वर्षांचे रबरी होज, खाडीच्या खाऱ्या हवेने खालून धरलेला गंज, यांपैकी कशाचाही एरर कोड वेळेवर येत नाही.

कायद्याचंही ऐका. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बसत नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. १५ वर्षांनंतर आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते, तीही दर ५ वर्षांनी.

काकांच्या फाईलमध्ये मॉडिफिकेशनचं एकही बिल नव्हतं. तेल, बेल्ट, होज, कूलंट, पुन्हा तेल. जेटफायरची टाकी वेळेवर भरणारा माणूस असाच असणार.

असो. टोकन दिलंय. पहिल्या वर्षाचं सगळं बजेट त्या फाईलमध्ये पुढची पानं जोडण्यात जाईल. मित्र नाराज आहे. मी त्याला म्हटलं, आधी आहेत ते दीडशे तर सांभाळू दे.